जुनं काडतूस ओळखायचंय? मग बूड सगळ्यात शेवटी वाचा

जुनं काडतूस हातात आलं की जवळजवळ प्रत्येक माणूस पहिल्यांदा ते उलटं करतो, बुडावरची अक्षरं वाचतो, फोटो काढतो आणि ती अक्षरं नेटवर टाकून शोधत बसतो. साहजिक आहे, कारण तिथंच काहीतरी लिहिलेलं असतं. पण बुडावरचा शिक्का, ज्याला कलेक्टर लोक हेडस्टॅम्प म्हणतात, तो बहुतेक वेळा काडतूस कुणी बनवलं आणि कधी बनवलं एवढंच सांगतो, काडतूस कुठलं आहे हे सांगेलच असं नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बनलेलं दुसऱ्या महायुद्धातलं थ्री-नॉट-थ्री घ्या, त्याच्या बुडावर के आणि एफ ही अक्षरं, वर्षाचे आकडे आणि रोमन सात असतो. ३०३ हा आकडा कुठंच नाही! सैन्याला तो लिहायची गरजच नव्हती, ज्याच्या हातात रायफल त्याला माहीत होतं आपल्याला कुठलं मिळतंय. नवा माणूस मात्र "७ नंबरचं काडतूस" म्हणून शोधत बसतो आणि भलतीकडेच जातो.

तर क्रम उलटा ठेवायचा. आधी ते पेटतं कसं ते बघा, मग आकार, मग माप, मग ते कसं बनवलंय, आणि शिक्का शेवटी.

त्याच्याही आधी एक गोष्ट, ती म्हणजे जिवंत आहे की रिकामं. काडतुसाचे चार भाग : वर गोळी, खाली पितळी पुंगळी, पुंगळीत दारू आणि बुडात प्राइमर म्हणजे टोपी, जिच्यावर घोड्याचा ठोका बसला की ठिणगी पडते. टोपीवर खड्डा दिसला म्हणजे उडालेलंच आहे असं समजू नका, कधीकधी ठोका बसूनही पेटलेलं नसतं आणि वर गोळी तशीच असते, म्हणजे सगळ्यात बेभरवशाचं. सरावासाठी बनवलेली डमी काडतुसं वेगळी, त्यांना बाजूला भोकं पाडलेली असतात किंवा उभ्या चरा पाडून त्यात लाल रंग भरलेला असतो. ही खूण नसेल आणि वर गोळी असेल तर ते जिवंतच धरायचं, भले ते १४० वर्षांचं असो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते, तिला वयाचं काही नसतं. असलं काही घरात, माळ्यावर, शेतात सापडलं तर ओळखायच्या नादात हातात घेऊन फिरवू नका, ११२ ला फोन करा. पुढचं सगळं रिकाम्या पुंगळ्या, डमी आणि म्युझियममध्ये काचेमागं ठेवलेल्या नगांसाठी आहे.

आता पेटण्याची पद्धत. ही सगळ्यात मोठी चाळणी, एका नजरेत निम्मं काम होतं.

पुंगळीच्या बाजूनं, बुडाजवळ, एक छोटी पिन बाहेर आलेली दिसली तर ते पिनफायर. फ्रान्समधल्या कासिमिर लफोशोनं १८३० च्या दशकात ही पद्धत आणली, पिनवर घोडा पडायचा आणि पिन आतल्या टोपीत घुसायची. पाच, सात, नऊ, बारा, पंधरा मिलिमीटर अशा मापांत मिळतात, युरोपात रिव्हॉल्व्हरसाठी खूप चालली. दिसायला गोंडस पण जिवंत असेल तर सगळ्यात वाईट, कारण हातातून पिनवर पडलं तर उडू शकतं.

बुडावर टोपीच नाही, सपाट पत्रा आणि कडेला गोल दुमड, हे रिमफायर. पेटवणारा मसाला त्या दुमडीत असतो. आजची पॉइंट टू-टू तशीच असते, तिचं पूर्वज म्हणजे स्मिथ अँड वेसनचं १८५७ चं टू-टू शॉर्ट. अमेरिकन यादवी युद्धातली स्पेन्सर आणि हेन्री रायफलची काडतुसंही याच जातीची.

मध्यभागी गोल टोपी दिसली तर सेंटरफायर, आणि १८७० नंतरचं बहुतेक सगळं सैनिकी सामान यात येतं. पण इथं एक मस्त फसवणूक आहे. अमेरिकेच्या सरकारी फ्रँकफर्ड आर्सेनलमध्ये, म्हणजे दारूगोळ्याच्या कारखान्यात, १८७० च्या दशकात ४५-७० नावाची जी तांब्याची काडतुसं बनली त्यांच्या बुडावर टोपी दिसतच नाही, ती आतल्या बाजूला बसवलेली असायची. लोक बघतात आणि रिमफायर म्हणून मोकळे होतात. खूण अशी की बुडाच्या थोडं वर, पुंगळीच्या बाजूला दोन दाबलेले खळगे असतात, आतला कप धरून ठेवायला पाडलेले. ते दिसले की समजा सेंटरफायर आहे, टोपी आत लपलीय.

मग कड. बुडाची कड पुंगळीच्या अंगापेक्षा बाहेर आली असेल तर रिम्ड, अंगाएवढीच असून वर एक खाच असेल तर रिमलेस. मधले प्रकारही आहेत, अर्धी कड, पट्टा असलेलं बूड वगैरे, पण सुरुवातीला एवढं पुरे. आणि अंग बघायचं, सरळ नळीसारखं आहे, निमुळतं आहे, की खांदा पडून मान बारीक झालीय. या खांदावाल्याला बॉटलनेक म्हणतात.

आता व्हर्नियर कॅलिपर काढा, म्हणजे जबड्यात धरून माप घ्यायचं साधन. दीड-दोन हजारात बरा डिजिटल मिळतो, आणि खरं सांगतो, या छंदात पुस्तकांआधी तोच घ्यावा. मापं घ्यायची ती अशी : कडेचा व्यास, कडेच्या लगेच वर अंगाचा व्यास, खांदा असेल तर तिथला, मानेचा, पुंगळीची लांबी, आणि गोळी असेल तर तिचा व्यास व एकूण लांबी. सगळं मिलिमीटरमध्ये लिहा. कडेचा व्यास आणि पुंगळीची लांबी ही दोनच मापं बरोबर घेतली तरी यादी दोन-चार नावांवर येते.

का म्हणून एवढं मोजायचं? तीन काडतुसं शेजारी ठेवा, ब्रिटिश थ्री-नॉट-थ्री, रशियन ७.६२ बाय ५४ आर आणि ऑस्ट्रियन ८ बाय ५० आर मानलिखर. तिन्ही पितळी, तिन्ही कडवाली, तिन्ही बॉटलनेक, लांबून तिन्ही एकाच आईची लेकरं वाटतात. पण पुंगळीची लांबी ब्रिटिशाची ५६.४, रशियनाची ५३.७ आणि ऑस्ट्रियनाची ५०.४ मिमी. कड अनुक्रमे १३.७, १४.४ आणि १४ च्या आसपास. डोळ्यांनी नाही कळत, जबडा लावला की कळतं. उडालेल्या पुंगळीची मान थोडी फुगलेली असते हे ध्यानात ठेवा, म्हणून मानेच्या मापावर फार विसंबू नका, कड आणि लांबी जास्त प्रामाणिक.

नावांचा घोळ हा वेगळाच विषय आहे आणि इथं नियम शोधायला जाऊ नका, नाहीयेत. ४५-७० म्हणजे पॉइंट ४५ इंच गोळी आणि ७० ग्रेन (ग्रेन हे वजनाचं बारीक माप) काळी दारू. ३०-०६ बघून कुणी सहा ग्रेन समजेल, पण ते ०६ म्हणजे १९०६ साल. ५७७/४५० म्हणजे ५७७ ची पुंगळी आवळून ४५० ची गोळी बसवली. मेट्रिक नावात पहिला आकडा व्यास, दुसरा पुंगळीची लांबी, आणि आर असेल तर कडवालं. बोअर तर आणखी गमतीशीर, बंदुकीच्या नळीत बसतील अशा शिशाच्या किती गोळ्या मिळून एक पौंड होतो तो आकडा, म्हणून १२ बोअर १६ बोअरपेक्षा मोठी. आणि एकाच काडतुसाला दोन नावं पण असतात, जिम कॉर्बेटची प्रसिद्ध २७५ रिग्बी रायफल ज्या काडतुसावर चालायची ते म्हणजे जर्मन ७ बाय ५७ माउझरच, इंग्रज गिऱ्हाईकासाठी इंग्रजी नाव.

माप झालं, आता बनावट बघा, म्हणजे पुंगळी कशी घडवलीय. वय काढायला याच्यासारखं काही नाही.

१८५७ मध्ये ज्यावरून भडका उडाला ती एनफिल्ड रायफलची काडतुसं कागदाची होती, दातानं फोडायची, चरबी लावलेली. ती आज जवळपास बघायलाच मिळत नाहीत. १८६० च्या दशकात ब्रिटिशांनी त्याच एनफिल्डच्या मागच्या बाजूला झडप बसवून तिची स्नायडर केली, आणि तिच्यासाठी वुलविचच्या रॉयल लॅबोरेटरीतल्या कर्नल बॉक्सरनं काडतूस काढलं. ही पुंगळी एकसंध नाही, पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून खाली लोखंडी चकती ठोकलेली. हातात धरली तर गुंडाळीची कड दिसते, आणि जुनी असेल तर लोखंडी बूड गंजून लाल आणि वरचं पितळ हिरवट, असा दोन रंगांचा नग. १८७१ ला मार्टिनी-हेन्री रायफल आली तेव्हा तिचं ५७७/४५० पण सुरुवातीला असंच गुंडाळलेलं, फक्त खांदा पाडलेलं. यात ८५ ग्रेन काळी दारू आणि ४८० ग्रेनची म्हणजे साधारण ३१ ग्रॅमची शिशाची गोळी, कागदात गुंडाळलेली. सुदानच्या वाळूत आणि गरमीत या पातळ पुंगळ्या नळीत अडकायला लागल्या, ओढायला गेलं की बूड तुटून हातात आणि बाकीची आत, आणि समोरून शत्रू येतोय. त्यावर ओरड झाली आणि १८८५ पासून एकसंध ओढीव पितळेची, म्हणजे एकाच तुकड्यातून ओढून घडवलेली पुंगळी आली. म्हणजे मार्टिनीची पुंगळी गुंडाळीची असेल तर ती जुन्या घडणीची, आणि ओढीव असेल तर ती १८८५ च्या आधीची नाही, आणि हे कळायला शिक्का वाचावाच लागला नाही.

रिकाम्या पुंगळीत टॉर्च मारून बघा, तळाशी मध्यभागी एकच भोक दिसलं तर बॉक्सर पद्धतीची टोपी, बाजूबाजूला दोन बारीक भोकं दिसली तर बर्डन. गंमत अशी की बॉक्सर हा इंग्रज आणि बर्डन अमेरिकन, पण अमेरिकेनं इंग्रजाची पद्धत उचलली आणि ब्रिटन-युरोपच्या सैन्यांनी अमेरिकनाची. ब्रिटिश आणि भारतीय सैनिकी थ्री-नॉट-थ्रीमध्ये बहुतेक वेळा दोनच भोकं सापडतील. एकच सापडलं तर ती नागरी बाजारासाठी किंवा कॅनडा-अमेरिकेत बनलेली असू शकते.

थ्री-नॉट-थ्रीवर जरा थांबतो, कारण महाराष्ट्रात कुणाकडं काही असेल तर याचीच शक्यता जास्त. १८८८ ला ली-मेटफर्ड रायफल आली तेव्हा हे काडतूस काळ्या दारूचंच होतं, दाबून बसवलेली वडी. १८९१ पासून कॉर्डाइट, म्हणजे बिनधुराची दारू, शेवयांसारख्या काड्या. या काड्या बारीक मानेतून आत घालता यायच्या नाहीत म्हणून आधी सरळ पुंगळीत काड्या भरायच्या आणि नंतर मान आवळायची! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला पटलंच नव्हतं. म्हणून जुन्या शिक्क्यांत सी दिसतो, तो कॉर्डाइटचा.

सुरुवातीची गोळी लांब, २१५ ग्रेनची आणि टोकाला गोल. ती म्हणे वायव्य सरहद्दीवरच्या लढायांत माणसातून आरपार जायची आणि माणूस पळतच राहायचा, म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडम आर्सेनलमध्ये कॅप्टन बर्टी-क्ले यानं टोकाचं शिसं उघडं ठेवलेली गोळी काढली, ती आत गेल्यावर फुलायची. डमडम बुलेट हे नाव तिथलं. नंतर ब्रिटनमध्ये टोकाला पोकळी असलेले मार्क तीन, चार, पाच आले (मार्क म्हणजे आवृत्तीचा नंबर), आणि १८९९ च्या हेग परिषदेत फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. मग १९०४ ला परत गोल टोकाचा पूर्ण कवचाचा मार्क सहा, आणि १९१० ला टोकदार, १७४ ग्रेनचा मार्क सात, तोच दोन्ही महायुद्धांत चालला, बुडावरचा रोमन सात तो हाच. मार्क सातच्या गोळीच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियम आणि नंतर लाकडाचा लगदा वगैरे असायचा, म्हणून गोळी शेपटाकडं जड. तेव्हा टोक गोल की टोकदार हे बघूनच १९१० च्या आधीचं डिझाईन की नंतरचं ते कळतं.

टोपीभोवती जो रंगीत लाखेचा गोल असतो तो पण वाचायचा असतो. जांभळा साधा, हिरवा चिलखतभेदी, लाल ट्रेसर म्हणजे मागं उजेडाची रेघ सोडणारा, निळा आग लावणारा, पिवळा कारखान्यात नळी तपासायचा जास्त दाबाचा. शिक्क्यातली अक्षरंही जुळतात, डब्ल्यू चिलखतभेदी, जी ट्रेसर, बी आग लावणारा. आणि आकड्यानंतर झेड असेल तर कॉर्डाइट नाही, नायट्रोसेल्युलोज दारू. लोक ब्रासो घेऊन चकाचक करतात आणि हा रंगच पुसून टाकतात, मग तो नग अर्ध्या किमतीचा झाला.

आपल्याकडचं एक खास कोडं सांगतो. थ्री-नॉट-थ्रीसारखीच कड, तेवढंच जाड बूड, के एफ चा शिक्का, पण खांदाच नाही, सरळ नळी. बघणारा म्हणतो पुंगळी अर्धवट बनलीय, कारखान्यातली फॅक्टरी एरर, महाग असणार. नाही. ते ४१० मस्केटचं काडतूस. जुन्या ली-एनफिल्ड रायफलींची नळी रुंद करून, एकेक गोळी भरायची अशी बंदूक बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनवली, पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी, म्हणजे बंदूक चोरीला गेली तरी सैन्याचं काडतूस त्यात चालू नये. आणि काडतूस म्हणजे थ्री-नॉट-थ्रीचीच पुंगळी, फक्त मान न आवळलेली. माप घेणाऱ्याला हे पाच मिनिटांत कळतं, फक्त शिक्का वाचणाऱ्याला कळणार नाही.

ही भीती ब्रिटिशांच्या नियमांत सगळीकडं दिसते. १९०७ च्या सुमारास भारतात ४५० बोअरच्या रायफलींवर बंदी आली, कारण मार्टिनीच्या चोरीच्या रायफलींना तशीच गोळी लागायची. शिकारी साहेबांची पंचाईत झाली, लंडनच्या बंदूकवाल्यांनी लगेच ४६५, ४७०, ४७५ असली थोडी वेगळी मापं काढली. वाघ-हत्तींच्या शिकारीची ती मोठाली लांबलचक पितळी काडतुसं एवढ्या चित्रविचित्र आकड्यांची का, त्याचं बरंचसं उत्तर या बंदीत आहे. आणि थ्री-नॉट-थ्री सैन्याचं म्हणून नागरिकांना मनाई, म्हणून आपल्याकडं लायसनवर ३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल आली. तिचं काडतूस मोजा, ५० मिमी लांब पुंगळी, तेच वरचं ऑस्ट्रियन मानलिखर निघतं.

आता वाचा शिक्का. आता तो कामाचा आहे, कारण काय शोधायचं ते माहीत झालंय. आर आणि एल च्या मधे बाण म्हणजे वुलविचची रॉयल लॅबोरेटरी, बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण. के एफ म्हणजे किर्की म्हणजे आपली खडकी, १८६९ पासूनचा कारखाना. ओ एफ व्ही दिसलं तर भुसावळजवळचं वरणगाव, तो कारखाना १९६० च्या दशकातला, म्हणजे ते अँटिक नाहीच. फ्रँकफर्डच्या मालावर १८७७ पासून आर, एफ, महिना आणि वर्ष असं मिळतं, आर रायफलचा आणि कार्बाइनची असेल तर सी. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन माउझरच्या बुडाचे चार भाग पाडलेले असतात, महिना, वर्ष, कारखाना आणि एस ६७ सारखं काहीतरी, ते ६७ म्हणजे पितळेत ६७ टक्के तांबं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी कारखान्यांची नावं लपवून सांकेतिक अक्षरं टाकली, ए-यू-एक्स म्हणजे माग्डेबुर्गचा पोल्टे कारखाना. कंपनीचं नाव पण तारीख सांगतं, यू एम सी (युनियन मेटॅलिक कार्ट्रिज) एकटंच असेल तर १९१२ च्या आधीचं असायची शक्यता जास्त, रेम-यू एम सी असेल तर रेमिंग्टनबरोबर एकत्र झाल्यावरचं. आणि एकट्या एच वरून गोंधळू नका, विंचेस्टरची कंपनी बेंजामिन टायलर हेन्रीच्या नावानं रिमफायरवर हा एच टाकायची, तो मापाचा भाग नाही.

बूड खोटंही बोलतं. आज मार्टिनी चालवणारे परदेशातले हौशी लोक २४ गेजच्या पितळी शॉटगन पुंगळ्या आवळून ५७७/४५० बनवतात, बुडावर २४ लिहिलेलं आणि अंग मार्टिनीचं. ३०-०६ च्या पुंगळ्या कापून ८ मिमी माउझर बनवतात, शिक्का अमेरिकनच राहतो. कुणी साध्या मार्क सातचं टोक घासून दुर्मिळ डमडम म्हणून विकतं, घासल्याच्या रेघा भिंगाखाली दिसतात आणि मुळात डमडमच्या काळात टोकदार गोळी नव्हतीच, १९१० आठवा. वायव्य सरहद्दीवर, आता पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदम खेलला बंदुकांच्या नकला हातानं बनायच्या, तिकडच्या मालावर उलटी किंवा चुकीची अक्षरं सापडतात, ती स्वतःच एक संग्रहाची वस्तू झालीयत. शिक्का, माप आणि घडण यांपैकी दोन एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला असेल तर पैसे काढायचे नाहीत, विकणारा कितीही गोड बोलला तरी.

साफसफाईचं म्हणाल तर कोरडं मऊ फडकं, बस. चिंच-मीठ, व्हिनेगर, ब्रासो, बफिंग मशीन काही नको. जुन्या टोप्यांमधल्या पाऱ्याच्या मसाल्यानं उडालेली पितळ ठिसूळ झालेली असते, घासताना मानच तुटते.

आणि कायदा, जो आपल्याकडं सगळेच विसरतात. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागही येतात, आणि जिवंत काडतूस विनापरवाना ठेवणं हा गुन्हा आहे, आजोबांचं होतं हे उत्तर चालत नाही. कलम ४५ मध्ये किरकोळ सुट्या भागांना सूट आहे, पण ते कोर्टात सिद्ध करण्यापेक्षा आधीच शस्त्र परवाना शाखेत जाऊन विचारलेलं आणि लेखी काहीतरी घेतलेलं बरं. रिकामी पुंगळी सुद्धा विमानतळावर बॅगेत निघाली तर तुमची फ्लाईट गेलीच समजा, चौकशी होतेच होते. परदेशातल्या नातेवाइकाला कुरिअरनं पाठवायला सांगू नका. जुन्या बाजारात पितळेच्या ढिगात कुणी जिवंत नग काढून दाखवला तर घ्यायचं तर सोडाच, तिथं उभंही राहू नका.

प्रत्येक नगासोबत चिठ्ठी ठेवा, कुठून आला, कधी आला, सगळी मापं, टोपी कुठली, रंग कुठला, आणि शिक्का जसा दिसतो तसा हातानं काढलेला, घड्याळाच्या बाराच्या जागेपासून फिरत. पेन्सिलनं लिहा, पेनाची शाई आपल्या पावसाळ्यात फुटते.